दोन दोऱ्यांचा तांब्या

१

पल्लवीनं पिशवीतून पितळी तांब्या काढला, टेबलावर ठेवला आणि लगेच हात ओढणीला पुसला. तांब्या तर ठणठणीत कोरडा होता.

"एवढंच सापडलं," ती म्हणाली. "तांब्या, एक पांढरं फडकं आणि चपला. आई सापडली नाही."

सुभेदार जोतीराम माने यानं चहाचा कप बाजूला सारला. ही मोठीच गोष्ट होती, कारण साताऱ्याच्या सदर बझारात राहणारा हा रिटायर्ड गडी चहा थंड होऊ देणाऱ्यांतला नव्हता. लष्करी पोलिसांत अठ्ठावीस वर्षं काढून तो घरी आला आणि बघतो तर काय, आपल्या जिल्ह्यात माणसं फार हरवतात. पोलिसांनी फाईल बंद केली की घरचे लोक त्याचा पत्ता विचारत येत. तो त्यांचं ऐकून घेई, आणि वर न मागितलेला सल्लाही देई.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "मधलं काही सोडू नको."

पल्लवी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. तिची आई रंगुबाई जत तालुक्यातली, धनगराघरची, नवरा वारलेला, वय चौपन्न. सगळा जन्म टँकरची वाट बघण्यात गेलेला. टीव्हीवर समुद्र दिसला की ती म्हणायची, एवढं पानी एकाच जागी ठिवलंय, कुनी वाटून देत न्हाई व्हय गं? म्हणून पल्लवीनं डिसेंबरात तिच्यासाठी कोचीहून सुटणाऱ्या क्रूझचं तिकीट काढलं. चार दिवस जहाजावर राहायचं, दोन बेटं बघायची, परत यायचं. तिकीट एकटीचंच, कारण पल्लवीला रजा नव्हती.

"निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. म्हणे, मला भ्या वाटतंय, मी न्हाई जात. मी चिडले, काका. म्हटलं, जन्मात एक गोष्ट तुझ्यासाठी केली. गेली नाहीस तर मला तोंड दाखवू नकोस." पल्लवी थांबली. तिला पुढचं बोलायचं नव्हतं, पण ती बोलली. "ती गेली. रागानं मी सोडायलाही गेले नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती जहाजावर नव्हती. चपला कडेला नीट जोडून ठेवलेल्या. पोलीस म्हणाले, अपघात होणारा माणूस चपला जोडून ठेवत नाही. उडी मारली."

"जहाजावरचे फोटो?"

"कॅमेऱ्यात आहे. पाठमोरी, डोक्यावर पदर. मीच घेतलेलं लुगडं."

जोतीरामनं तांब्या उचलून उलटा केला. बुडाला तांबटाकडून झाळून बसवलेली एक छोटी कडी होती. कडीला निळी नायलॉनची दोरी बांधलेली. गळ्याभोवती तसलीच दुसरी दोरी. काठाला नाव कोरलेलं: रामगोंडा पाटील.

"हे कोण?"

"शालनकाकूंचे यजमान. वारले ते. सांगलीकडं राहतात ते लोक, जैन आहेत. काकूंची आणि आईची तीस वर्षांची मैत्री. काकूंनीच दिला असेल तांब्या."

"डिसेंबरातली गोष्ट. आता मार्च संपत आला. आज का आलीस?"

पल्लवीनं वही पुढं सरकवली. त्यात अकरा मोबाईल नंबर होते, पुढं तारखा.

"तिन्हीसांजेला फोन येतो. दोन-तीन दिवसांआड. दर वेळी नवा नंबर. कुणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो."

"परत लावून बघितलास?"

"नाही."

"का?"

"तिनंच उचलला असता तर?"

 बाहेर ऊन यवतेश्वराच्या डोंगराआड गेलं होतं. तो वही चाळत असतानाच टेबलावरचा मोबाईल थरथरला, आणि पल्लवी खुर्चीसकट मागं सरकली. फोन त्यानं उचलला. पलीकडं कुणीतरी श्वास घेत होतं, अडखळत, रडू दाबून धरल्यासारखं. मागं कुठंतरी बारीकशी घंटी वाजली.

"कोण हाय?" त्यानं विचारलं.

फोन कट झाला. मेलेल्या माणसाला दम लागत नाही, हे जोतीरामला चांगलं ठाऊक होतं. तरी त्याच्या अंगावर काटा आला तो आलाच.

२

जहाजावर रंगुबाईच्या मजल्यावरच्या खोल्यांची देखभाल करणारा माणूस लोणंदचा निघाला. ऋषिराज नाव, चाळिशीचा, सध्या रजेवर. जोतीराम एसटीनं लोणंदला गेला. स्टेशनाच्या अलीकडं ऋषिराजचं घर होतं. दारात उभ्या पाहुण्याला बघून तो म्हणाला, "त्या बाईचंच इचारायला आलाय न्हवं? मला वाटलंच व्हतं, कुनीतरी येनार."

चहा आला. हा मात्र जोतीरामनं गरम प्यायला.

"ती खोली आता कुनाला देत न्हाईत," ऋषिराज म्हणाला. "नळ आपसूक गळतोय म्हनत्यात. पोरं तिकडनं जाताना पळत्यात. मी सोता काय बघितलं न्हाई. बघायला गेलोच न्हाई म्हना."

"बाई कशी होती?"

"शांत. आल्या आल्या नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं. मला इचारलं, हे पाणी कुठलं? मी म्हनलं, समुद्राचंच, मशीनवर गोडं करत्यात. तर जरा इचार केला आणि म्हनली, म्हणजे परत समुद्रालाच दिलं पाहिजे. मला काय कळलं न्हाई. मग दोरी मागितली. नायलॉनची निळी दोरी व्हती, दोन तुकडे कापून दिले."

"दोन? एक न्हाई?"

"दोन. मोजून."

"जेवायला?"

"आवं, जहाजावर खरं जेवान रातच्याला. गानी, नाच, लय मजा. ही बाई पाचलाच खोलीत मागवायची. भात, वरन आणि फळं. येकदा सूर्य बुडाला की पान्याचा घोट न्हाई. मी म्हनलं, बाईला बोट लागली. पन बोट लागलेलं मानूस असं हासत न्हाई. दिसभर कठड्याला धरून येकटी हुबी. मी इचारलं, येकट्या आलाय, करमतंय का? तर म्हनली, आजवर सगळ्यांबरोबर बघितलं, हे एक एकटीनं बघायचं राहिलं होतं."

जोतीरामला ते वाक्य आवडलं, आणि ते बोलणारी बाई आता नाही, याचं त्याला एकदम वाईट वाटलं. ओळख ना पाळख, तरी वाटलं.

"शेवटची सकाळ सांगा."

ऋषिराजनं आवाज खाली आणला. जहाज बेटापाशी नांगर टाकून उभं होतं. खालच्या डेकला एक बाजूचं दार असतं, होडीत उतरायचं. तिथनं पाणी जवळ येतं. होड्यांसाठी ते दार लवकर उघडलं होतं आणि माणसं दुसरीकडं दोर ओढत होती. तो खाली आला तेव्हा चपला जोडून ठेवलेल्या, शेजारी पांढरं फडकं, ओलं, पिळून घडी घातलेलं.

"आणि तांब्या?"

"भाईर. दोन्ही दोऱ्या कठड्याला बांधल्याल्या. तांब्या भाईर लोंबत व्हता, उपडा."

"उपडा? नक्की?"

"मीच वर वडून घेतला की. बुडाच्या दोरीवर लटकत व्हता. गळ्याची दोरी सैल पडल्याली. मला वाटलं, पान्याच्या मुलखात कवा न गेलेली बाई, समुद्राचं पानी काढून बघत आसंल."

जोतीरामनं रिकामा कप उपडा करून बघितला. पाणी काढायला गळ्याची एक दोरी पुरते. बुडाला दोरी बांधणारा माणूस पाणी काढत नसतो. मग काय करत असतो?

स्टेशनवर येऊन त्यानं पल्लवीला फोन लावला. "तुझी आई रात्रीचं कधी जेवायची?"

"नऊ, साडेनऊ. टँकर उशिरा आला तर दहा. मटण असलं की विचारूच नका. का हो काका?"

"पाणी गाळून प्यायची?"

"पाणी मिळालं तरी पुष्कळ असायचं."

फोन ठेवून जोतीराम बाकावर बसला. जहाजावरून नाहीशी झालेली बाई रंगुबाई नव्हतीच. मग ती कोण होती? आणि रंगुबाई कुठं होती?

३

सांगलीजवळ कृष्णाकाठच्या गावात गोमटेश पाटलाचं घर शोधायला त्रास पडला नाही. हळद वाळत घातलेलं मोठं अंगण, कडेला ट्रॅक्टर. गोमटेश पस्तिशीचा, अंगानं भरलेला, बोलण्यात मोकळा. रंगुबाईच्या चौकशीसाठी आलोय म्हटल्यावर त्यानं पाहुण्याला हाताला धरून आत नेलं.

"रंगूमावशी गेली ते ऐकलं तवा दोन दिवस घास गेला नाही बघा," तो म्हणाला. "मी लहान असल्यापासून दरसाली मल्हारमामाचा, म्हणजे तिच्या भावाचा, मेंढरांचा कळप आमच्या रानात बसायचा. खताला तसलं दुसरं काय नाही. मामा मेंढरांत आणि मावशी आमच्या सोप्यावर, आईसंगं गप्पा मारत. यंदा पहिल्यांदाच कळप आला नाही. मामा परस्पर दुसरीकडनं गेला. बहीण गेली म्हटल्यावर इकडं पाय वळत नसंल."

जोतीरामनं पिशवीतून तांब्या काढला. ताक घेऊन आलेली गोमटेशची बायको प्रीती थबकली आणि तिच्या तोंडावर हसू आलं.

"अगंबाई, आत्याबाईंचा तांब्या! कुठं सापडला हा?"

"रंगुबाईंच्या सामानात. बुडाला कडी का आहे हो याला?"

पाहुण्याला आपल्या घरातलं काहीतरी विचारावंसं वाटलं, याचा प्रीतीला आनंद झाला. तिनं तांब्या हातात घेऊन दाखवलंच. "आमच्यात पाणी गाळून पितात. गाळलं की फडक्यावर डोळ्याला न दिसणारे जीव राहतात. ते फडकं गाळलेल्या पाण्यात खंगाळायचं आणि ते पाणी जिथलं तिथं सोडायचं. विहिरीचं विहिरीत, नदीचं नदीत. त्याला जिवाणी म्हणतात. पण वरनं ओतलं तर जीव मरतील की नाही? म्हणून तांब्या सरळ खाली सोडायचा, पाण्याला टेकला की बुडाची दोरी ओढायची. अलगद उपडा होतो. आता घरोघरी नळ आल्यावर एवढं कोण करतंय? पण आत्याबाईंनी कधी चुकवलं नाही. चपला काढून, हात जोडून करतात."

जोतीरामच्या हातातला ताकाचा पेला तिथंच राहिला.

"आईनंच दिला असेल मावशीला," गोमटेश म्हणाला. "जीव होता दोघींचा."

"तुमच्या आई कुठं आहेत?"

"माताजींच्या, म्हणजे आमच्या साध्वींच्या संघाबरोबर. कर्नाटकात पायी विहार चाललाय त्यांचा. फार दिवसांची इच्छा होती तिची, व्रत घेऊन संघात राहायची. फोन घरी ठेवून गेली. अक्षय तृतीयेला येऊन भेटते म्हणाली."

"कधी गेल्या?"

"आठ डिसेंबरला. मिरजेला मीच गाडीत बसवलं."

क्रूझ कोचीहून दहाला सुटली होती. जोतीरामनं मनातल्या मनात एकदा मोजलं, परत मोजलं, आणि उत्तर बदलेना. नोकरीत असताना त्यानं सतरा घरांची दारं अशी वाजवली होती, तुमचा माणूस गेला म्हणून सांगायला. सतराही दारं त्याला अजून स्वप्नात दिसत. या घरात तर त्याला ताक मिळालं होतं, आणि सून सासूच्या सवयींचं कौतुक सांगत होती.

त्यानं ताक कसंबसं घशाखाली ढकललं आणि तो उठला. पुरावा पुरता हातात नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर त्याची छाती झाली नाही.

४

घरी येऊन त्यानं वहीतले अकराही नंबर लावले. पल्लवीला ज्याची भीती वाटत होती, तसं काही झालं नाही. एक चहाची टपरी निघाली, एक पिठाची गिरणी, एक पेट्रोल पंपावरचा माणूस, एक पंक्चरवाला. सगळ्यांनी एकच सांगितलं. "म्हातारी बाई व्हती. पदर तोंडावर. फोन मागितला, कानाला लावला, बोलली काय न्हाई. देऊन निघून गेली." गिरणीवाला म्हणाला, "साहेब, खरं सांगू का, तिच्याकडं बघून भ्या वाटलं. मेल्यावानी डोळं."

जोतीरामनं भिंतीवरचा नकाशा काढून जमिनीवर पसरला आणि पेन्सिलनं ठिपके दिले. पहिला ठिपका कवठेमहांकाळच्या अलीकडं. मग तासगावची वाट. मग पलूस. शेवटचा कडेगावच्या पुढं. दोन ठिपक्यांत आठ-दहा किलोमीटर आणि दोन-तीन दिवस.

गाडीवाला असा जात नाही. पायी जाणारा असा थांबत नाही. दोन-तीन रात्री एका रानात बसायचं आणि मग पुढचं रान गाठायचं, असं या मुलखात एकच चालतं. फोनमध्ये ऐकलेली बारीक घंटी देवळातली नव्हती, मेंढीच्या गळ्यातली होती. आणि हा मेंढरांचा कळप कृष्णाकाठचं नेहमीचं रान सोडून परस्पर वर गेला होता, कारण त्या रानाच्या मालकाला तोंड दाखवायची मल्हारची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो पल्लवीला घेऊन कऱ्हाडच्या एसटीत बसला.

"काका, कुठं चाललोय आपण?"

"आत्ता नाही सांगत. माझा हिशेब चुकला तर तुला दुसऱ्यांदा रडवायचं नाही मला."

 सगळ्या वाटेनं ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

५

कळप कापणी झालेल्या रानात बसला होता. दुपार उतरली होती. तांबड्या पटक्याचा, खांद्यावर घोंगडं टाकलेला एक उंच म्हातारा काठीवर रेलून उभा होता. पल्लवीला बघताच त्याच्या हातातली काठी गळून पडली.

"मल्हारमामा?" पल्लवी म्हणाली. "तुम्ही..."

 म्हाताऱ्यानं मान वळवून मागं बघितलं. तिथं मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याला पाठ लावून एक बाई बसली होती आणि मांडीवरच्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं वर बघितलं. कोकरू बाटली सोडून ओरडू लागलं.

"तुला तोंड दाखवायला मी आले न्हाई गं," रंगुबाई म्हणाली. "तूच आलीस."

पल्लवी धावली नाही. जागच्या जागी ढेकळांत बसली आणि ओरडली, "दहावं घातलं मी तुझं! कावळा शिवंना म्हणून तास तास उभी राहिले! आणि तू मेंढरं राखतीस?" मग उठून गेली, आईच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि तिच्याच गळ्यात पडून हमसून हमसून रडली. जोतीराम आणि मल्हार दोघंही उगाच लांबच्या मेंढरांकडं बघत राहिले.

रडणं ओसरल्यावर पल्लवीनं सुभेदारांची ओळख करून दिली, आणि रंगुबाईनं सांगितलं.

"मला लय भ्या वाटत व्हतं. अक्काला, शालनअक्काला म्हनलं, पोरीनं तिकीट काढलंय, न्हाई गेले तर तोंड बघायची न्हाई. तर अक्का म्हनली, मला दे. संघात जायच्या आधी येकदा समुंदर बघून घेते, मग जल्मात कशाची आस धरायची न्हाई. माज्या आधारकार्डावरचा फोटू बघून हसली. म्हनली, यात तू पन तू दिसत न्हाईस. माजी बॅग घेतली, लुगडं नेसली. मी मल्हारसंगं रानात. चार दिसांनी ती संघात जानार आन मी घरी येनार. त्याच्या आदुगर मला सांगनार व्हती, समुंदर कसा आसतोय त्ये. तू इचारशील म्हनून."

"मग आली का नाहीस?"

"गावातनं सांगावा आला, रंगू बुडाली. मी पाय उचलला व्हता बघ यायला. मग ध्यानात आलं. मी जिती हाय म्हनलं की अक्का मेली. मी मेल्याली हाय तवर गोमटेशच्या घरात अक्का चालत्या हाय, कर्नाटकात, संघासंगं. कसं सांगू?" तिनं तोंडावर पदर घेतला. "तुजा आवाज ऐकल्याबिगर राहवंना. आन रोज सपनात ती येती. वलीचिंब. नुसती बघती. काय बोलत न्हाई. मला येवढंच कळंना झालंय, सुभेदार. माज्या नावानं गेली, माज्या नावावर जीव दिला का तिनं? तिला काय दुक व्हतं का, जे मला सांगितलं न्हाई?"

आता जोतीराम बोलला. इतका वेळ त्यानं सगळं पोटात ठेवलं होतं.

"जीव दिला नाही. ऐका. शालनताई पाणी गाळून प्यायच्या. जहाजावरचं पाणी समुद्राचं, असं त्यांना कळलं. म्हणजे फडक्यावरचे जीव समुद्रालाच परत दिले पाहिजेत. वरच्या डेकवरनं टाकले तर मरतील. म्हणून त्या पहाटे खालच्या दारात गेल्या, जिथनं पाणी जवळ येतं. चपला काढल्या, कारण ते काम त्या चपला काढूनच करतात. पोलिसांना ही रीत ठाऊक नव्हती. चपला जोडलेल्या दिसल्या आणि त्यांनी उडी लिहून टाकली."

"व्हय, तांब्या न्यायला इसरली न्हाई ती," रंगुबाई पुटपुटली.

"तांब्या सापडला तेव्हा उपडा होता. बुडाच्या दोरीवर. म्हणजे खालपर्यंत सोडला, बुडाची दोरी ओढली, जीव पाण्यात सुटले. काम पुरं झालं होतं. दोन्ही दोऱ्या कठड्याला बांधलेल्या होत्या, म्हणजे तांब्या वर ओढून घ्यायचा होता. मरायला निघालेलं माणूस तांब्या परत न्यायची तजवीज करत नाही. वाकल्या असतील. लाटेनं जहाज हललं असेल. पाय ओल्या लोखंडावर, अनवाणी. एवढंच झालं. डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाला लागू नये म्हणून जी बाई एवढा खटाटोप करते, ती स्वतःचा जीव असा टाकून देईल?"

रंगुबाईनं मान हलवली. नाही म्हणून हलवली. मग तिला रडू फुटलं, आणि हे रडणं मघाच्या रडण्यापेक्षा वेगळं होतं. इतके दिवस ती स्वतःच्या चुकीसाठी रडत होती. आज पहिल्यांदा मैत्रिणीसाठी रडली.

"खोलीवाल्यानं सांगितलं," जोतीराम म्हणाला, "दिवसभर कठड्याला धरून हसत उभ्या असायच्या."

पल्लवीनं आईचा हात धरला होता, तो सोडला नाही. तिची आई तिला परत मिळाली होती. पण आनंद तोंडावर येता येता थांबला, कारण तिला त्या दुसऱ्या घराची आठवण झाली.

"गोमटेशदादाला कोण सांगणार?" तिनं विचारलं.

जोतीरामनं घसा खाकरला. अठरावं दार. "मी सांगतो," तो म्हणाला. "माझं कामच आहे ते."

"न्हाई," रंगुबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "माजं नाव घिऊन ती गेली, आन मी लपून बसले. सांगायचं मलाच हाय."

६

सकाळी नऊच्या सुमाराला तिघं गोमटेशच्या अंगणात उतरले. हळद भरून झाली होती. तो पाठमोरा उभा राहून पोती शिवून घेत होता. रिक्षाचा आवाज ऐकून वळला, पल्लवीला बघून हसला, जोतीरामला हात केला. मग त्याची नजर तिसऱ्या बाईकडं गेली.

त्याच्या हातातला दाभण खाली पडला. क्षणभर तो पांढराफटक झाला. मग त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की जोतीरामला बघवेना.

"मावशी!" तो ओरडला. "प्रीती, अगं बाहेर ये! रंगूमावशी आली! जिवंत हाय!" त्यानं पुढं होऊन रंगुबाईचे दोन्ही हात धरले, तिच्या पाया पडला, परत हात धरले. "कुठं होतीस गं? आम्ही रडून रडून... कुणी वाचवलं? होडीवाल्यांनी? आता आईला कळवायला पाहिजे. कर्नाटकात माणूस पाठवतो. नाहीतर संघातल्या कुणाच्या तरी फोनवर निरोप देतो, माताजींना सांगून तिला बोलवून घेतो. तिला केवढं..."

तो बोलत राहिला, कारण समोरचं कुणी बोलत नव्हतं. मग त्याचा आवाज कमी होत गेला. त्यानं पल्लवीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती. त्यानं जोतीरामकडं बघितलं. जोतीराम सावधान उभा होता, पलटणीत उभा राहायचा तसा, आणि त्याचे डोळे भरले होते.

प्रीती उंबऱ्यात आली आणि तिथंच थांबली.

"मावशी," गोमटेश म्हणाला, "जहाजावर तू गेली नव्हतीस."

"न्हाई, बाळा."

"मग कोण गेलं होतं?"

रंगुबाईनं त्याचे हात सोडले नाहीत. ती सांगू लागली, थांबत थांबत, अगदी तिकिटापासून. कुठलीही गोष्ट तिनं गाळली नाही, स्वतःची भीतीही नाही. तांब्याचं सांगताना ती अडली, तेव्हा पुढचं जोतीरामनं सांगितलं. प्रीती मधेच आत निघून गेली आणि आतून तिचं रडणं ऐकू येऊ लागलं. पोती शिवणारी माणसं हळूच उठून अंगणाबाहेर जाऊन उभी राहिली.

गोमटेश हळदीच्या पोत्यावर बसला. त्याला रडू येत नव्हतं. 

"मला का नाही सांगितलं तिनं?" शेवटी तो म्हणाला. "मिरजेला मीच बसवून आलो गाडीत. डबा दिला, पांघरूण दिलं. समुद्र बघायचाय, एवढंच तर म्हणायचं होतं. मला का नाही सांगितलं?"

पल्लवीला वाटलं, आई आता काहीतरी धीराचं बोलेल. पण रंगुबाई तीन महिने खोटं वागत आली होती, आणि ते आता तिला झेपत नव्हतं.

"तू न्हाई म्हनला आसतास," ती म्हणाली.

गोमटेशनं मान वर केली. तिच्याकडं बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि त्याला राग आला नाही.

"हो," तो म्हणाला. "म्हणालो असतो."

मग तो उठला, आतून पाण्याचं तपेलं आणून त्यानं रंगुबाईच्या पायांवर पाणी घातलं आणि तिला हाताला धरून सोप्यावर बसवलं.